अकरावीतला मुलगा दिवसभर पाणी पीत नाही : छळ, समलैंगिक मुले आणि आपण मोठी माणसे

खडूची_भुकटी (धागाकर्ता)

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र जसाच्या तसा मांडत आहे.

अकरावीतील एक मुलगा दिवाळीनंतर दोनदा पोटात कळ आली म्हणून तास सोडून गेला. दुसऱ्या वेळी मीच त्याला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेलो. लघवीच्या मार्गात संसर्ग झाला आहे असे डॉक्टरांनी सांगितले, गोळ्या लिहून दिल्या आणि पाणी का पीत नाहीस, असे त्याला विचारले. तेथे तो गप्प राहिला. परतताना दुचाकीवर मागे बसल्यावर मात्र म्हणाला, "सर, पाणी प्यायलं की जावं लागतं."

पुढचा आठवडाभर मी मधल्या सुट्टीत मुलांच्या स्वच्छतागृहाजवळ घुटमळत राहिलो. तो आत गेला की तीन-चार जण मागोमाग जातात, बाहेरून दारावर लाथा मारतात आणि "मावशी, बायकांचं तिकडं आहे" असे ओरडतात. एकदा एकाने दाराच्या वरून मोबाइल धरला होता. स्वच्छतागृहाच्या दोन्ही दारांना आतून कडी नाही, हे मला नोकरीच्या अकराव्या वर्षी कळले. मुलगा सकाळी सातला घरून निघतो आणि साडेपाचला परत पोहोचतो. त्याची स्टीलची बाटली भरलेली येते आणि भरलेलीच जाते. दहावीला उत्तम गुण मिळवलेल्या या मुलाने चाचणी परीक्षेत दोन प्रश्न कोरे सोडले.

त्याच्या मोबाइलवर दुसऱ्या मुलाला पाठवलेला संदेश कोणी तरी पाहिला, तेव्हापासून हे सुरू झाले असे मुले सांगतात. खरे-खोटे मला ठाऊक नाही आणि तो स्वतः काही बोललेला नाही. प्राचार्यांचे म्हणणे असे की, मुलांमध्ये हे चालायचेच, त्यानेही जरा नीट चालावे-बोलावे. मी त्याला स्पष्ट विचारावे काय? पालकांना कळवावे काय? चुकीचे पाऊल पडू नये म्हणून येथे विचारत आहे.

देशावरचा

सर, आपली तळमळ पोहोचली. परंतु मुलगा अठरा वर्षांखालील आहे आणि त्याच्या बाबतीतला पहिला अधिकार आई-वडिलांचा आहे. उद्या काही बरेवाईट झाले तर आपल्याला माहीत असूनही आपण सांगितले नाही, असा ठपका येईल. वडिलांना बोलावून शांतपणे सर्व काही सांगावे, असे माझे मत आहे.

अर्धविराम

देशावरचा, आपला हेतू चांगला आहे हे गृहीत धरूनच मी अत्यंत ठाम विरोध नोंदवतो. माझ्या वर्गशिक्षकांचा हेतूही चांगलाच होता.

मी दहावीत असताना माझ्या वहीत एक पत्र सापडले. सरांनी वडिलांना बोलावून घेतले आणि दार लावून पंधरा मिनिटे बोलले. वडील बाहेर आले, माझे दप्तर त्यांनी स्वतःच्या खांद्याला अडकवले आणि घरापर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. त्या दप्तराचे मला आजही आश्चर्य वाटते, कारण त्याआधी त्यांनी ते कधी उचलले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद झाली. पुढचे चौदा महिने मला शहरातल्या एका डॉक्टरांकडे "उपचारासाठी" नेले जात होते. तेथे मुलींची छायाचित्रे दाखवत आणि गोळ्या देत. त्या गोळ्यांनी मी दुपारी चारपर्यंत झोपत असे. दहावीची परीक्षा मी एकोणिसाव्या वर्षी बाहेरून दिली.

आज मी चौतीस वर्षांचा आहे. ते पत्र मी कोणाला लिहिले होते, हे त्या सर्व काळात मला कोणीही विचारले नाही. सरांच्या या विद्यार्थ्याचे वडील कसे आहेत हे ठाऊक नसताना पालकांना कळवणे म्हणजे खोली किती आहे हे न पाहता एखाद्याला विहिरीत ढकलणे होय.

बटाटेवडा

मी जरा वेगळे बोलतो, कृपया रागावू नये. आमच्या काळी वर्गातील प्रत्येकाला टोपणनाव असे. मी जाड होतो म्हणून मला पाचवीपासून "बटाटा" म्हणत, आणि येथील नावावरून आपल्या लक्षात आले असेलच की पुढे मी त्यात पदोन्नतीही मिळवली. एक जण चकणा होता, एक तोतरा होता. कोणी आजारी पडले नाही. हल्लीच्या मुलांना काहीच सोसत नाही, असे तर झालेले नाही ना?

अर्धविराम

बटाटा असल्याबद्दल कोणाला घरातून काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

निळी_वही

बटाटेवडा यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो बहुतेक शिक्षकांच्या मनात असतो. माझ्या अनुभवातून उत्तर देते.

आम्ही बौद्ध आहोत. सातवीत एका मुलीने माझा डबा तिच्या डब्याला लागला म्हणून तो डबाच टाकून दिला. मी रडत घरी गेले. आईने मला जवळ घेतले, आजीने तिच्या लहानपणीचे दोन प्रसंग सांगितले, वडिलांनी बाबासाहेब शाळेत कसे दाराजवळ बसत ते पुन्हा एकदा सांगितले, आणि रात्री जेवताना आम्ही सगळे त्या मुलीच्या आईच्या स्वयंपाकाला नावे ठेवत हसलो. अपमान झाला तो झालाच. पण तो घरी नेता येत होता. घरातल्या सर्वांनी तो सोसलेला होता आणि त्याला तोंड कसे द्यायचे याची जणू एक पोथीच तयार होती.

माझा सख्खा धाकटा भाऊ समलैंगिक आहे. त्यालाही जातीवरून बोलणी बसली, ती त्याने घरी सांगितली. "बायल्या" म्हणून जे ऐकावे लागले, ते मात्र त्याने कधीच सांगितले नाही, कारण कशावरून चिडवतात हे सांगताच आम्ही काय म्हणू याची त्याला खात्री नव्हती. चळवळीत वाढलेल्या, समतेची गाणी पाठ असलेल्या आमच्या घरात त्याला ती खात्री वाटली नाही, हे मला फार उशिरा समजले. बटाटेवडा, आपण घरी जाऊन "मला बटाटा म्हणतात" असे सांगू शकत होता. फरक तेवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

बटाटेवडा

हे मी खरोखर लक्षात घेतले नव्हते. मला बटाटा म्हणणाऱ्या एका मुलाच्या घरी जाऊन आईने भांडण केले होते, हेही आता आठवले.

डॉ_संत्रानगरी

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. निळी_वही यांनी जे सांगितले, तेच आमच्या शास्त्रात "अल्पसंख्याकांवरील ताण" या कल्पनेने मांडले जाते. इलान मायर या अमेरिकी संशोधकाने २००३ साली हा विचार सविस्तर मांडला. त्याचे सार असे की, समलैंगिक आणि उभयलैंगिक व्यक्तींमध्ये नैराश्य व चिंता अधिक आढळते ती त्यांच्या लैंगिक कलामुळे नव्हे. इतरांना असतो त्या ताणावर त्यांना जो जादा ताण सोसावा लागतो, त्यामुळे. प्रत्यक्ष मारहाण, चिडवणे हा त्याचा एक भाग झाला. मारहाण होत नसतानाही ती आता होईल म्हणून सावध राहणे, स्वतःबद्दलची गोष्ट सतत लपवणे आणि लोक जे बोलतात ते हळूहळू स्वतःलाच खरे वाटू लागणे हे उरलेले भाग, आणि ते अधिक चिवट असतात.

सरांच्या विद्यार्थ्याकडे या दृष्टीने पाहावे. दारावर लाथा दिवसातून फार तर पाच मिनिटे पडतात. परंतु पाणी प्यावे की नाही, कोणत्या तासानंतर बाहेर पडावे, मागून कोण येत आहे, हे हिशेब तो सकाळी सातपासून करत असतो. ज्या मेंदूने रसायनशास्त्राची समीकरणे सोडवायची, तोच मेंदू दिवसभर पहारा देत आहे. गुण घसरणे, झोप उडणे, पोटदुखी, डोकेदुखी, चिडचिड अशा वेशांत हा ताण दवाखान्यात येतो. "मला त्रास देतात" असे म्हणत येणारी मुले थोडी. "पोटात दुखते" असे म्हणत येणारीच फार.

घराचा प्रभाव किती असतो याबद्दल कॅटलिन रायन आणि सहकाऱ्यांचा २००९ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील २१ ते २५ वयोगटातील २२४ समलैंगिक व उभयलैंगिक तरुण-तरुणींना त्यांनी किशोरवयातील घरच्या वागणुकीबद्दल विचारले. ज्यांना कुटुंबाने अतिशय झिडकारले होते, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण, ज्यांना झिडकारले गेले नव्हते किंवा थोडेच झिडकारले गेले होते त्यांच्या तुलनेत ८.४ पट होते. हे वाचून कोणी असा अर्थ काढू नये की छळ झाला म्हणजे आत्महत्या ठरलेलीच. ती कधीही एकाच कारणाने घडत नाही, आणि छळ सोसलेली बहुसंख्य मुले जगतात, शिकतात, संसार मांडतात. "चिडवले म्हणून जीव दिला" या सरधोपट बातम्यांनी अशा मुलांसमोर जणू तेवढा एकच रस्ता उरतो, म्हणून आपण तसे लिहू नये.

सरळरेषा

डॉक्टरसाहेब, हे सर्व अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोचे आहेत. आपली कुटुंबव्यवस्था निराळी आहे. शिवाय एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. ही मुले मुळातच अस्वस्थ असतात आणि छळ हे केवळ निमित्त ठरते, असे नसेल कशावरून? कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे आपण कसे ठरवता?

डॉ_संत्रानगरी

शंका रास्त आहे. संशोधकांनाही ती पडते. दोन उत्तरे देतो.

पहिले आपल्या देशातले. युनेस्कोने चेन्नईच्या सहोदरन या संस्थेबरोबर तमिळनाडूत लैंगिक अल्पसंख्याक अशा सुमारे ४०० जणांना त्यांच्या शाळेतील दिवसांबद्दल विचारले. तो अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत शारीरिक त्रास दिला गेल्याचे ६० टक्के जणांनी सांगितले. शाळेकडे तक्रार करणारे केवळ १८ टक्के होते. कुटुंबव्यवस्था निराळी असूनही शाळेचे आवार फारसे निराळे नाही, असे दिसते.

दुसरे उत्तर कार्यकारणाचे. अमेरिकेतील काही राज्यांनी समलिंगी विवाहाला मान्यता आधी दिली, काहींनी नंतर. ज्युलिया रायफमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ ते २०१५ या काळातील शाळकरी मुलांच्या सर्वेक्षणांची तुलना केली, तेव्हा मान्यता देणाऱ्या राज्यांत मुलांमधील आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण त्यानंतर सुमारे ७ टक्क्यांनी कमी झालेले आढळले, आणि समलैंगिक व उभयलैंगिक मुलांमध्ये घट याहून जास्त होती. हा प्रयोगशाळेतील प्रयोग नाही, म्हणून शेवटचा शब्द म्हणता येणार नाही. परंतु त्या मुलांचे लग्नाचे वयही झालेले नव्हते. बदलले होते ते इतकेच की आपल्याबद्दल मोठी माणसे काय बोलतात हे त्यांना ऐकू येत होते. अस्वस्थता मुळातलीच असती, तर कायद्याच्या बदलाने ती हलायला नको होती.

पंचगंगाकाठ

धागा चांगला चालला आहे, पण येथपर्यंत सगळा छळ मुलांच्या स्वच्छतागृहात होत आहे. मुलींचे काय होते, तेही नोंदवावेसे वाटते.

मला शाळेत कोणी चिडवले नाही. मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकून फिरण्याला आपल्याकडे कोणी काही म्हणत नाही, त्यामुळे बारावीपर्यंत मी सुरक्षित होते. मग मैत्रिणीच्या आईने तिचा मोबाइल पाहिला आणि रात्री साडेनऊला आमच्या घरी फोन आला. कोणी आरडाओरडा केला नाही. माझा मोबाइल देव्हाऱ्याखालच्या खणात गेला, गाडीची किल्ली काकांच्या खिशात गेली, महाविद्यालयात सोडायला-आणायला चुलतभाऊ येऊ लागला आणि आई माझ्या खोलीत, माझ्याच पलंगावर झोपू लागली. तीन महिन्यांत स्थळे सुरू झाली.

त्या काळात माझे अकरा किलो वजन उतरले. डॉक्टरकडे नेण्याऐवजी सगळ्यांनी कौतुक केले. "फोटो चांगला येईल आता" असे मावशी म्हणाली. माझे केस विंचरताना आईच्या फणीत पुंजकेच्या पुंजके येत होते, ती ते गुंडाळून खिडकीबाहेर टाकत होती आणि आम्ही दोघीही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो. मुलगी गप्प झाली, खाली मान घालून वावरू लागली, म्हणजे आपल्याकडे ती शहाणी झाली असे समजतात. त्यामुळे मुलींमधील नैराश्य ओळखायला कोणी तयारच नसते.

पाहायला आलेल्या दुसऱ्या मुलाला मी स्वयंपाकघराच्या दारात सगळे सांगून टाकले. त्याने "मुलगी पसंत नाही" एवढेच कळवले. त्याचे उपकार मी विसरलेले नाही. आज पुण्यात नोकरी करते. आईशी बोलणे होते, पण हवामानावर.

दोन_डगरी

पंचगंगाकाठ, आपले लिहिणे दोनदा वाचले.

माझे सदस्यनाव काकांनी मला दिलेल्या टोमण्यावरून घेतले आहे. मला मुलगे आणि मुली दोन्ही आवडतात. घरी सांगितल्यावर आईचा पहिला उद्गार होता, "मुलीही आवडतात ना? मग झालं तर!" प्रश्न सुटला म्हणून तिने चहा टाकला. पुढे एका गटात जाऊ लागलो, तर तेथील दोघा-तिघांनी हळूच सांगितले की अजून धीर होत नाही म्हणून असे म्हणतोस, होईल हळूहळू. म्हणजे घरचे मला अर्धा बरा समजत होते आणि हे अर्धा भित्रा. कोठेच पूर्ण न मावण्याचा हा त्रास मारहाणीसारखा दाखवता येत नाही, पण उभयलैंगिक तरुणांमध्ये नैराश्याचे प्रमाण समलैंगिकांइतके, काही अभ्यासांत त्याहून जास्तही आढळते, ते मला अजिबात नवलाचे वाटत नाही.

जाता जाता एक विनंती. काही जण "उभयलिंगी" लिहितात. गांडूळ उभयलिंगी असते, असे आपण सर्वांनी जीवशास्त्रात शिकलो आहोत. मला उभयलैंगिक म्हणावे.

निळी_वही

गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणतात, हेही आपण शिकलो होतो. पण विनंती मान्य.

वकिलीण_सोलापूर

सरांच्या प्राचार्यांसाठी थोडे कायद्याचे.

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगला प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा आहे. तो केवळ अभियांत्रिकी-वैद्यकीय वसतिगृहांसाठी आहे हा समज चुकीचा असून शिक्षण देणारी कोणतीही संस्था त्याच्या कक्षेत येते. विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असे वर्तन त्यात मोडते आणि चिडवण्याचा त्यात उल्लेख आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. महत्त्वाचे पुढे आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. त्याने दुर्लक्ष केले, तर त्याने गुन्ह्याला चिथावणी दिली असे कायदा मानतो. "चालायचेच" हे उत्तर त्यामुळे प्राचार्यांनाच महाग पडू शकते. पदवी महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली नियमांत दुरुस्ती करून लैंगिक कलावरून केलेला छळ आणि वाळीत टाकणे हे रॅगिंग आहे, असे स्पष्ट शब्दांत लिहिले. चार-पाच सोळा वर्षांच्या पोरांना तुरुंगात धाडावे असे माझे मत मुळीच नाही. पण हा कायदा प्राचार्यांच्या टेबलावर ठेवण्यापुरता जरूर वापरावा.

अर्धविराम यांना जे सोसावे लागले त्याबद्दल : ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळच्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ च्या आदेशात कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांना मज्जाव केला आणि त्यानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली असे उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

डॉ_संत्रानगरी

यात आमच्या व्यवसायाची थोडी शरमही नोंदवतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. तरीही याच वैद्यक आयोगाने २०२४ च्या ऑगस्टअखेर काढलेल्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा "अनैसर्गिक गुन्ह्यां"मध्ये बसवले होते. टीका झाल्यावर सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो मागे घ्यावा लागला. त्यामुळे मुलाला कोणाकडेही पाठवण्यापूर्वी सरांनी त्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना आधी स्वतः फोन करून "समलैंगिक मुलाला आपण काय सांगता" असे विचारावे. "बदलता येईल" असे उत्तर आले तर फोन ठेवून द्यावा.

सरळरेषा

कायद्याने माणसे बदलतात यावर माझा फारसा विश्वास नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचे प्रकरण आठवा. २०१० च्या फेब्रुवारीत काही जणांनी त्यांच्या घरात घुसून ते एका पुरुषाबरोबर असताना चित्रीकरण केले आणि विद्यापीठाने निलंबित केले ते सिरसांनाच. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत आढळले. ते तर कवी होते, प्राध्यापक होते, साठी ओलांडलेले होते. निकाल त्यांच्या बाजूने लागूनही त्यांना वाचवता आले नाही, तर सोळा वर्षांच्या पोराला कलमे काय वाचवणार?

वकिलीण_सोलापूर

सरळरेषा, आपण दिलेले उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध नाही. न्यायालयाचा कागद येईपर्यंतचे दोन महिने ते एकटे होते. कागदाबरोबर माणूसही लागतो, एवढेच त्यातून निघते. कागद नको, असे निघत नाही.

मागचा_बाक

येथे तीन दिवस नुसते वाचत होतो. लिहू की नको, याचा विचार करत होतो.

दारावर लाथा मारणाऱ्यांपैकी मी आहे. म्हणजे दुसऱ्या गावात, वीस वर्षांपूर्वी. आमच्या वर्गातील एका मुलाचे आम्ही बाईचे नाव ठेवले होते आणि हजेरीच्या वेळी त्याचा क्रमांक आला की मागच्या बाकावरून बांगड्यांचा आवाज काढत असू. सर हसत. मोठ्याने नाही, पण हसत. ते हसले म्हणजे आम्हाला परवाना मिळाला.

मला त्याचा राग नव्हता. खरे सांगायचे तर आठवीत असताना तो माझा चांगला मित्र होता. कोणीतरी "तू कायम त्याच्याबरोबर असतोस, तूही तसलाच का?" असे विचारले आणि त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा दारावर लाथ मारली. पुढची सगळी वर्षे मी जास्त जोरात हसत राहिलो, म्हणजे कोणी माझ्याकडे पाहू नये. तो दहावीनंतर गाव सोडून गेला. मागच्या वर्षी फेसबुकवर दिसला. माफीचा मजकूर लिहून ठेवला आहे, पाठवलेला नाही.

अर्धविराम

पाठवू नका, असे मी सुचवेन. निदान आपले मन हलके व्हावे म्हणून तरी पाठवू नका. सकाळी कामावर जाताना अचानक आपले नाव पडद्यावर दिसले, तर त्याचा तो संपूर्ण दिवस आठवीत जाईल.

पंचगंगाकाठ

मला असे वाटत नाही. मावशीने "फोटो" वगैरे बोलल्याबद्दल आज जरी एक ओळ लिहिली, तरी मी ती जपून ठेवीन. माणसामाणसावर आहे. मात्र उत्तराची अपेक्षा न ठेवता लिहावे आणि भेटीचा आग्रह धरू नये.

मागचा_बाक यांनी जे सरांच्या हसण्याबद्दल लिहिले, ते मला या धाग्यातील सर्वांत उपयोगाचे वाटले.

शेवंती

मी एका समलैंगिक मुलाची आई आहे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याने मला सांगितले तेव्हा मी भाजी निवडत होते. मी त्याला मारले नाही, रागावले नाही. एवढेच म्हणाले, "बाबांना सांगू नकोस." मी त्याचे रक्षण करते आहे अशी माझी समजूत होती. त्याने ऐकले ते असे की, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. तीन महिने तो जेवायला बाहेर आला नाही, ताट खोलीत नेत असे. नंतर त्याच्या बाबांनीच विचारले तेव्हा कळले की त्यांना दोन वर्षांपासून अंदाज होता आणि तेही मला धक्का बसेल म्हणून गप्प होते. तीन माणसांच्या घरात तिघेही एकमेकांना जपत एकेकटे बसलो होतो.

सर, त्या मुलाला विचारू नका. पण विचारले नाही तरी ऐकायला कोणी आहे, हे त्याला कळू द्या.

खडूची_भुकटी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. दहा दिवसांत काय झाले ते सांगतो.

पालकांना कळवलेले नाही. अर्धविराम, आपले दप्तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

प्रथम मी शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली त्याला द्यायचे ठरवले होते. माझ्या पत्नीने मला थांबवले. किल्ली एकट्याला मिळाली की "मावशीला वेगळी खोली" असे दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलेले असेल, असे ती म्हणाली आणि ते बरोबर होते. त्याऐवजी मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाबाहेरच्या व्हरांड्यात रोज एका शिक्षकाने उभे राहायचे, असे वेळापत्रक लावले. कारण "स्वच्छता मोहीम" असे लिहिले आहे. प्राचार्यांपुढे १९९९ चा कायदा छापून ठेवला. त्यांनी सात दिवसांचे वाक्य दोनदा वाचले आणि वेळापत्रकावर सही केली. मोबाइल धरणाऱ्या मुलाला मी एकट्याला बोलावले. चित्रीकरण माझ्यासमोर पुसायला लावले. त्याला रागे भरण्याची तयारी करून बसलो होतो, पण मागचा_बाक यांचे लिहिणे आठवले म्हणून "तुला कोणी काही म्हणालं होतं का?" असे विचारले. तो बराच वेळ खाली पाहत राहिला. त्या संभाषणातले पुढचे येथे लिहीत नाही.

मुलाशी प्रयोगशाळेत बोललो. चंचुपात्रे पुसता पुसता बोललो, म्हणजे एकमेकांकडे पाहावे लागले नाही. मी तुला काहीच विचारणार नाही, पण तुझ्याबाबतीत जे चालले आहे ते चूक आहे आणि चूक तुझी नाही, एवढे सांगितले. त्याने विचारले, "सर, घरी कळवणार का?" मी नाही म्हणालो. डॉक्टरसाहेबांनी मला व्यक्तिगत निरोपात बजावले होते, त्याप्रमाणे एक अटही घातली : तुझ्या जिवाला धोका आहे असे मला वाटले, तर मला कोणाला तरी सांगावे लागेल, पण त्याआधी तुला सांगेन. त्याने मान हलवली. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक, जेथे मराठीतही बोलता येते, मी वर्गातील सर्वांनाच वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला सांगितला, म्हणजे तो कोणासाठी आहे याची चर्चा नको.

सगळे ठीक झाले असे नाही. काल बसथांब्यावर पुन्हा तेच ओरडणे ऐकू आले आणि तेथे माझे वेळापत्रक चालत नाही. बाटली अजून अर्धी भरलेली परत जाते.

दारांना कड्या बसवायच्या आहेत. शिपायाने सांगितले की मागणीपत्र संस्थेकडे जाईल आणि मार्चनंतर मंजुरी येईल. म्हणून उद्या स्वतःच बाजारातून आणून रविवारी बसवणार आहे.

बटाटेवडा

सर, माझे हार्डवेअरचे दुकान आहे. ॲल्युमिनियमची कडी घेऊ नका, बाहेरून दोन लाथा बसल्या की वाकते. स्टीलचा आठ इंची टॉवर बोल्ट घ्या आणि फळी जुनी असेल तर स्क्रूऐवजी आरपार नट-बोल्ट टाका. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. दोन दारांचे चार पाठवतो, दोन वर आणि दोन खाली.